साथीच्या दिवसांतील शेजारधर्म

इसवी सन १८९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस हिंदुस्थान सरकारनें साथीच्या रोगांसंबंधींचा एक कायदा मंजूर करून घेतला. कलमें अवघीं चार. पहिलें नांवाचें, दुसरें सरकारास हवे ते नियम करण्याचा अधिकार देणारें, तिसरें ते नियम मोडणारास शिक्षा सांगणारें, आणि चौथें, त्या नियमांप्रमाणें वागणाऱ्या अंमलदारावर कोणास दावा लावतां येऊं नये म्हणून त्यास संरक्षण देणारें. आजारी पडलेल्या माणसास काय मिळावें, त्याच्या मागें राहिलेल्या मुलांबाळांस कोणीं जेवूं घालावें, यासंबंधीं त्यांत एक अक्षरही नाहीं. हा कायदा पुढें सुमारें सव्वाशें वर्षें जवळजवळ तसाच उभा राहिला, आणि सन २०२० च्या मार्च महिन्याच्या १३ तारखेस महाराष्ट्र सरकारनें कोरोनाच्या साथीसाठीं तोच हातीं घेतला. तारखांच्या योगायोगास आम्ही इतिहासांत फारसें महत्त्व देत नाहीं. तथापि १८९७ सालीं याच १३ मार्च रोजीं पुणें शहरांत सोल्जरांच्या तुकड्यांनीं घरोघर शिरून प्लेगचे रोगी शोधण्यास आरंभ केला होता, ही गोष्ट ध्यानांत आल्यावर हा लेख लिहिण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं.

आमच्याकडे प्लेगचा इतिहास म्हटला कीं रँडसाहेब, गणेशखिंडीचा रस्ता आणि चाफेकर बंधु एवढेंच बहुतेकांस आठवतें. त्यांत नवल नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं झाडलेल्या गोळ्यांचा आवाज इतका मोठा होता कीं आधींच्या व नंतरच्या वर्षांतील सारे बारीक आवाज त्यांत बुडून गेले. आम्हांला या लेखांत त्या बारीक आवाजांकडे कान द्यावयाचा आहे. घरांत माणूस तापानें फणफणला असतां दारावर थाप कोणाची पडली? ती ऐकून आंतल्यांनीं दार उघडलें कीं रोग्यास माळ्यावर लपविलें? नगरपालिकेनें काय केलें, स्वयंसेवकांनीं काय केलें, आणि कोणाच्या दाराशीं कोणीच गेलें नाहीं? शेवटचा प्रश्न आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच आजवर सर्वांत कमी विचारला गेला आहे.

आरंभ मुंबईपासून करणें भाग आहे. तेथें प्लेग प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोमंतकीय. मुंबई म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीचे सभासद, आणि शिवाय प्रत्यक्ष वैद्यकी करणारे. मांडवी भागांत धान्याच्या वखारी दाट, वस्ती त्याहून दाट. १८९६ च्या सप्टेंबरांत तेथें उंदीर मरून पडूं लागले, पाठोपाठ माणसें. २३ सप्टेंबरास डॉ. व्हिएगस यांनीं हा गांठीचा ताप असल्याचें निदान केलें. त्यांच्यावर विश्वास ठेवावयास पहिल्यानें पुष्कळजण तयार नव्हते; प्लेगचें नांव निघालें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांस बंद होणार, ही व्यापाऱ्यांची धास्ती कांहीं खोटी नव्हती. येथें आम्हांस एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. रोग ओळखणारा मनुष्य म्युनिसिपालिटीच्या खुर्चीवर बसणारा होता खरा. पण त्याला रोग दिसला तो वस्तींतल्या काळोख्या खोल्यांत नाडी पाहावयास जाण्याची त्याची वहिवाट होती म्हणून. त्याच कमिटींतील इतर सभासदांस तो दिसला नाहीं.

त्यावेळची मुंबईची कॉर्पोरेशन १८८८ च्या कायद्याप्रमाणें ७२ सभासदांची होती. त्यांपैकीं ३६ करदात्यांनीं निवडलेले, बाकीचे जस्टिस ऑफ दी पीस, युनिव्हर्सिटी, व्यापारी मंडळ आणि सरकार यांचे. मत देण्याइतका कर ज्याचा भरे तो करदाता. चाळींतल्या एका खोलींत दहा माणसांसह राहणारा गिरणीकामगार त्यांत येत नव्हता, आणि रस्ता झाडणारा तर नाहींच नाहीं. म्हणजे प्लेग ज्यांच्या घरीं प्रथम गेला त्यांचा म्युनिसिपालिटीशीं संबंध काय तो नळाच्या पाण्यापुरता आणि शिपायाच्या दटावणीपुरता. ६ ऑक्टोबरास म्युनिसिपल कमिशनर स्नोसाहेब यांनीं जाहिरनामा काढला, आणि रोग्यास, घरच्यांची संमति असो वा नसो, हॉस्पिटलांत नेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीच्या नोकरांस मिळाला. तत्कालीन वैद्यकाच्या दृष्टीनें हुकूम गैर नव्हता. पण ज्या दारावर आजवर मदतीची थाप कधीं पडली नाहीं त्या दारावर एकाएकीं पडलेली थाप धरून नेणाऱ्याचीच वाटणार. कंड्या पिकल्या. मुंबईंतील राणीच्या पुतळ्यास कोणीं डांबर फांसलें होतें. त्याचा सूड म्हणून रोग्यांचीं काळजें काढून राणीकडे पाठवितात, अशी गोष्ट शहरभर झाली. सुशिक्षित मंडळी हंसली असतील. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारें हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलावर चाल करून गेले, तेव्हां हंसूं थांबलें. हुकूम सौम्य करावा लागला. १८९१ च्या खानेसुमारींत सव्वाआठ लाखांची असलेली मुंबई अर्धी रिकामी होत आली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांवर माणसें शहर सोडून गेलीं, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांबरोबर प्लेगही कोंकणांत व देशावर गेला.

या काळांतील स्नोसाहेबांच्या अहवालांत एक चिंता वारंवार डोकावते. व्यापारी गेले तर चालेल, गिरण्या बंद पडल्या तरी निभेल. पण हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर मुंबई एका आठवड्यांत राहण्याजोगी उरणार नाहीं. त्यांस राखण्यासाठीं साहेबांनीं जपून पावलें टाकलीं. सबंध शहराचें आयुष्य ज्यांच्या झाडूवर टांगलें आहे, त्यांची किंमत अशी संकटांतच कळून येते, आणि संकट सरलें कीं तितक्याच लौकर विसरली जाते. त्यांच्या बायकामुलांसाठीं वर्गण्या निघाल्याचें वर्तमानपत्रांतून आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

वर्गण्या निघाल्या त्या दुसऱ्या कामासाठीं. १८९७ च्या मार्चांत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली, आणि निरनिराळ्या जातिजमातींनीं आपापलीं हॉस्पिटलें काढावीं या सूचनेस तिनें उत्तेजन दिलें. पारशांनीं काढलें, जैनांनीं काढलें, मुसलमानांतील निरनिराळ्या जमातींनीं व हिंदूंतील व्यापारी जातींनीं काढलीं. हा उपाय चटकन् लागू पडला. सरकारी हॉस्पिटलाच्या नांवानें जो रोगी माळ्यावर लपे, तो जातीच्या हॉस्पिटलांत आपल्या पायांनीं जाऊं लागला. कारण तेथें जेवण आपल्या चुलीवरचें, उशाशीं बसावयास आपलें माणूस, आणि मरण आलेंच तर शेवटचा विधि आपल्या रीतीप्रमाणें होण्याची खात्री. हाफकिन यांच्या लशीचेंही तेंच झालें. तरुण आगाखान यांनीं आपल्या अनुयायांच्या देखत स्वतःस टोंचून घेतलें आणि हाफकिन यांस माझगांवचें आपलें ‘खुश्रू लॉज’ प्रयोगशाळेसाठीं दिलें. त्यानंतर खोजा जमातींतील हजारों माणसें टोंचून घेण्यास पुढें आलीं. ओळखीच्या माणसाच्या शब्दाला जें वजन असतें तें जाहिरनाम्याला येत नाहीं, याचा हा उघड पुरावा होय. परंतु ज्या जातीजवळ शेटिया नाहीं, देणगीदार नाहीं, दहा खाटा मांडावयास जागा नाहीं, त्या जातीनें काय करावें? तिला आर्थर रोडचें हॉस्पिटलच उरलें. जातीची माया ही खरीच माया होती, पण ती जातीच्या वेशीपाशीं थांबणारी होती.

आतां पुणें. येथें निवडून आलेल्या सभासदांची नगरपालिका होती, आणि शहरांत सार्वजनिक कामाची हौस असलेली सुशिक्षित मंडळी मुंबईहून अधिकच होती. सरकारनें या दोहोंसही बाजूस सारून प्लेग कमिटीचें अध्यक्षपद वॉल्टर चार्लस रँड यांजकडे दिलें. वाईच्या प्रतिष्ठित नागरिकांस वाजंत्र्यांच्या प्रकरणीं तुरुंगांत घातल्याची कीर्ति त्यांच्यापुढें चालत आलीच होती. ८९३ अंमलदार व शिपाई, गोरे आणि देशी मिळून, या कामावर लावले गेले. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत घरांची झडती चालली. रोगी हॉस्पिटलांत, घरचीं माणसें छावणींत, आणि घरांतील सामान कित्येकदां आगींत. न्यायदृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं रँडच्या लेखी हुकुमांत शिस्तीची व सभ्यतेची भाषा आहे, आणि त्या उन्हाळ्यांत साथ ओसरली हेंही खरें. पण लेखी हुकूम आणि माजघरांत शिरणारा बूट यांच्यांत अंतर असतें. देवघरांत शिरणें, स्त्रियांस परपुरुषांपुढें तपासणीसाठीं उभें करणें, निरोगी माणसांस धरून नेणें, या तक्रारींनीं त्यावेळचीं पत्रें भरलेलीं आहेत. सोल्जराला मराठी येत नव्हती. ताप आलेल्या बाईस कोणता ताप आला आहे हें विचारण्याचें साधनच त्याच्याजवळ नव्हतें. दार फोडतां येण्यासारखें मात्र होतें.

आमच्या पुढाऱ्यांचें वर्तन या वेळीं कसें होतें, हा प्रश्न नाजूक आहे. पुष्कळसे शहर सोडून गेले, आणि ‘केसरी’नें त्यांस त्याबद्दल खडसावलें. टिळक राहिले. रोग्यास निराळें ठेवणें अवश्य आहे हें त्यांस मान्य होतें. भांडण होतें तें रीतीबद्दल. म्हणून त्यांनीं वर्गणी जमवून हिंदु प्लेग हॉस्पिटल उभें करण्यांत पुढाकार घेतला आणि तेथें स्वतः जाऊन देखरेख ठेवली. गोखल्यांची हकीकत याहून करुण आहे. ते त्यावेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं तेथें सोल्जरांच्या अत्याचारांविषयीं निवेदन केलें. परत आल्यावर पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं कोणी उघडपणें पुढें येईना, तेव्हां त्यांनीं जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांस स्वकीयांनीं जे टोमणे मारले ते पुढें कित्येक वर्षें थांबले नाहींत. परंतु त्याच सालीं पुण्यास साथ फिरून आली असतां हाच मनुष्य स्वयंसेवकांची टोळी घेऊन गल्लोगल्लीं हिंडूं लागला, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आहे. माफीचा प्रसंग चरित्रकारांनीं पानेंच्या पानें भरून चघळला. प्लेगांतली चाकरी चार ओळींत उरकली. आम्हांला हा न्याय उलटा वाटतो. अपमानाचा घोट पोटांत असतां त्याच शहराच्या आजारी माणसांच्या उंबरठ्यावर जाऊन उभें राहणें यास निराळेंच धैर्य लागतें.

स्त्रियांचें काय? सरकारी प्लेग हॉस्पिटलांत स्त्रियांची व्यवस्था कशी आहे याविषयीं पंडिता रमाबाईंनीं १८९७ च्या मे महिन्यांत ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत तक्रार प्रसिद्ध केली. कट्टर सनातनी आणि ख्रिस्ती झालेल्या रमाबाई एकाच गोष्टीबद्दल सरकारास दोष देतात, असा प्रसंग पुण्याच्या इतिहासांत दुर्मिळच. आणि शहराबाहेर, ससाणे मळ्याजवळ, जोतीरावांच्या विधवा पत्नी सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला होता. सावित्रीबाईंचें वय तेव्हां सहासष्ट. त्यांच्याजवळ ना नगरपालिकेचा अधिकार, ना जातीच्या शेटियांची थैली. मुंढव्याच्या महारवाड्यांतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचें कळतांच त्या तेथें गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. त्यांतच त्यांस रोग लागला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. सोल्जरांची झडती सुरू व्हावयास तेव्हां तीन दिवस अवकाश होता. शहरांतील हिंदु हॉस्पिटलाच्या वर्गणीदारांच्या यादींत ज्यांचीं नांवें आहेत ते आमचे आजे-पणजे होत, आणि त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. पण मुंढव्याच्या त्या वाटेवर त्यांच्यापैकीं कोणी नव्हता, हेंही आम्हांस लिहिलें पाहिजे.

मौज अशी कीं या सर्व धांवपळींत रोग कसा पसरतो हें कोणासच ठाऊक नव्हतें. जंतूचा शोध १८९४ सालीं हाँगकाँगला लागलेला होता. परंतु तो जंतु उंदरावरील पिसवांच्या द्वारें माणसांत येतो हें पॉल सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस ताडलें, आणि त्यावरही १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या कमिशनच्या प्रयोगांपर्यंत फारसा कोणाचा विश्वास बसला नाहीं. म्हणजे कार्बोलिक ॲसिडच्या पिचकाऱ्या, खणलेल्या जमिनी, उपसलेलीं गटारें यांनीं उंदीर मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत गेले. उलट खेड्यांतील अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांनीं जो उपाय आपण होऊन काढला तोच सर्वांत शास्त्रशुद्ध ठरला. ‘उंदीर पडले’ अशी हांक उठली कीं सारा गांव घरांस कुलपें लावून माळावर झोपड्या घालून राही. आमच्या आजीचें बालपण अशा झोपडींत दोन हिंवाळे गेलेलें. ती सांगे कीं तीं पोरांना फार सुखाचीं वाटलीं. शाळा नाहीं, जवळच ओढा, आणि सगळ्या आळीचा स्वयंपाक एकमेकींच्या दृष्टीस पडे असा. पीठ संपलें तर हांकेसरशीं शेजारची वाटी येई. बाळंतीण असेल तिची झोपडी वाऱ्याच्या आडोशास. हें कोणाच्या जाहिरनाम्यानें झालें नाहीं. मात्र या आठवणीचा एक शेवट आहे, तो आम्ही पुढें सांगूं.

मुंबईंतील प्लेग कमिटीचे पुढील अध्यक्ष सर जेम्स कॅम्बेल. मुंबई इलाख्याचें गॅझेटियर ज्यांनीं तयार केलें तेच हे. या प्रांतांतील जातिजमातींच्या चालीरीति त्यांच्याइतक्या क्वचितच कोणा इंग्रजास माहीत असतील. तरीही त्यांच्याच कारकीर्दींत, मार्च १८९८ मध्यें, मदनपुऱ्यांत एका जुलाहा कुटुंबांतील आजारी मुलीस तपासण्यावरून दंगा उसळला आणि गोळीबारांत माणसें मेलीं. लोकांविषयीं माहिती असणें आणि लोकांस आपण माहीत असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढें प्लेगचें काम पुन्हां म्युनिसिपालिटीकडे आलें, सक्ति ढिली झाली, आणि १८९८ सालींच सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें अस्वच्छ वस्त्या पाडल्या व रुंद रस्ते काढले. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं ते बहुशः शेजारच्या तितक्याच दाट वस्तींत जाऊन राहिले.

यानंतर वीस वर्षांनीं परीक्षेचा दुसरा प्रसंग आला. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदींवरील पोलिस शिपाई तापानें पडूं लागले. सैनिकांच्या जहाजांबरोबर आलेला हा इन्फ्लुएंझा; खेड्यांत त्यास मानमोडी म्हणत. पावसाळ्यांत तो ओसरल्यासारखा झाला आणि सप्टेंबरांत दसपट जोरानें उलटला. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें मेलीं. पाऊस बुडालेला, धान्य महाग, डॉक्टरांपैकीं पुष्कळ महायुद्धावर गेलेले. मुंबई इलाख्यांत मिळून दहा लाखांवर माणसें या तापानें गेलीं असें धरतात. म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनीं जो अहवाल लिहिला त्यांतील मृत्यूंचे आंकडे आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांपुढें मांडतों तेव्हां दरवेळीं वर्ग गप्प होतो. दर हजारीं युरोपियन मेले ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदु १८.९, मुसलमान १९.२, आणि अहवालाच्या भाषेंत ज्यांस खालच्या जातीचे हिंदु म्हटलें आहे ते ६१.६. ताप एकच, शहर एकच, हवा एकच. जातीच्या हॉस्पिटलांविषयीं वर जो प्रश्न आम्हीं विचारला त्याचें उत्तर या शेवटच्या आंकड्यांत आहे.

तथापि १९१८ सालीं १८९७ पेक्षां एक फरक पडला होता, आणि तो लहान नव्हता. गोखल्यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज काढला. त्याचे एक सभासद नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईस सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष झाले. रात्रीच्या शाळा, फिरतीं वाचनालयें, चाळींतून स्वच्छतेचीं व्याख्यानें, असें निरुपद्रवी काम सात वर्षें चाललें होतें, आणि मोठ्या राजकारणांतील मंडळी त्याकडे कौतुकमिश्रित दुर्लक्षानें पाहत. इन्फ्लुएंझा आला तेव्हां या स्वयंसेवकांस परळच्या कोणत्या चाळींत कोण राहतो हें पाठ होतें. औषधाच्या बाटल्या, दूध व कपडे घेऊन ते जात, आणि दार लागलेलें आढळलें तर नांवानें हांक मारीत. याच सुमारास सुरतेस कल्याणजी मेहता आणि दयाळजी देसाई यांच्या आश्रमांतील विद्यार्थी औषधें घेऊन गांवोगांव हिंडले. पुण्याच्या गल्ल्यांत गोखल्यांनीं जें वळण घातलें त्याचा एक फांटा असा गिरणगांवांत पोंचला असें आम्ही म्हणतों. ते स्वतः १९१५ सालींच निवर्तले होते. या स्वयंसेवकांचा आवांका शहराच्या मानानें तोकडा होता हें ६१.६ हा आंकडा सांगतोच. परंतु ज्या वस्तींत जावयाचें ती आपल्या जातीची आहे काय, हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं.

२०२० च्या कोरोनाचा इतिहास लिहिण्याइतकें अंतर आम्हांस अजून मिळालेलें नाहीं. वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरांत त्याची एखादी जखम असेल. दोनतीन गोष्टी मात्र मागील हकीकतीशेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुंबईचे पहिले रोगी त्याच आर्थर रोडच्या हॉस्पिटलांत गेले, ज्याचें नांव आतां कस्तुरबा रुग्णालय आहे. यावेळीं त्यावर कोणी चाल करून गेलें नाहीं. परगांवाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारण्याची कल्पना निघाली, आणि असा शिक्का दिसतांच लोकांनीं माणसांस गाडींतून खालीं उतरविलें. ती वृत्ति आम्हांस रँडच्या काळाहून फारशी निराळी वाटली नाहीं. टाळेबंदीनंतर मजुरांचे तांडे पायीं शहराबाहेर पडले, तसेच १८९७ सालींही पडले होते. आणि धारावी. अवघ्या दोनअडीच चौरस किलोमीटरांत आठदहा लाख वस्ती, पहिला रोगी १ एप्रिल रोजीं सांपडलेला. येथें प्रेतांचे ढीग पडतील असें सगळेच म्हणत होते. महापालिकेनें तेथील खाजगी डॉक्टरांस बरोबर घेतलें. हे वर्षानुवर्षें त्याच बोळांत दवाखाना थाटून बसलेले, तापाची गोळी उधारीनें देणारे डॉक्टर. ते घरोघर गेले तेव्हां लोकांनीं जीभ दाखविली, ताप सांगितला, आणि शाळेंत किंवा सभागृहांत केलेल्या सोयींत जाऊन राहिले. तेथें दोन वेळचें जेवण मिळत होतें, आणि मागें राहिलेल्यांस शिध्याचीं पुडकीं पोंचत होतीं. जुलैंत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव घेऊन प्रशंसा केली. खेड्यांतून हेंच काम ‘आशा’ म्हणून नेमलेल्या स्त्रियांनीं केलें. त्या त्याच गांवच्या सुना. त्यांची थाप ओळखीची. त्यांचें मानधन इतकें थोडें होतें कीं जून २०२१ मध्यें त्यांस संप करावा लागला. स्नोसाहेबांच्या हलालखोरांची आठवण आम्हांस त्या दिवशीं झाल्यावांचून राहिली नाहीं.

आजीच्या झोपडीची गोष्ट अर्धी राहिली आहे. सारा गांव माळावर गेला म्हणजे मागें उघड्या पडलेल्या वाड्यांस चोरांची भीति. म्हणून राखणीसाठीं येसकर आंतच राही. रात्रीं तो गल्ल्यांतून हिंडून आरोळी देई, आणि ती आरोळी माळावर ऐकूं आली कीं मोठीं माणसें निर्धास्तपणें कूस पालटीत. सकाळीं वेशीच्या बाहेर त्याच्यासाठीं भाकरी ठेवलेली असे. गांवांत उंदीर पडत होते म्हणून तर सर्वजण बाहेर आलेले. आणि तो आंत होता. आजी ही गोष्ट मोठ्या ममतेनें सांगे, त्याच्या आरोळीचा सूरही काढून दाखवी. दुसऱ्या हिंवाळ्यांत मात्र आरोळी देणारा निराळा होता, असें ती ओघांत बोलून जाई. पहिल्याचें काय झालें, हें आम्हांपैकीं कोणींही तिला कधीं विचारलें नाहीं.